उखलतलो कोण?

वयाची पंचेचाळिशी उलटलेल्या गृहस्थाने काय खरेदी करावे याविषयी आपल्याकडे काही संकेत ठरून गेले आहेत. जमिनीचा एखादा तुकडा घ्यावा, मुलांच्या नावे ठेव ठेवावी, फारच हौस उफाळून आली तर बैठकीत शिसवी झोपाळा टांगावा. बावीस वर्षे काळा कोट अंगावर वागविलेल्या माणसाने मोटारसायकल घ्यावी, आणि तीही चिखल, ओढे आणि दगडधोंडे यांतून जाण्यासाठी बनविलेली, ही गोष्ट या संकेतांत कोठेच बसत नाही. त्यामुळे २०२५च्या उन्हाळ्यात आम्ही आपला बेत घरात जाहीर केला तेव्हा प्रथम कोणीच काही बोलले नाही. मग आमच्या सौभाग्यवतींनी चष्मा काढून पुसला व पुन्हा डोळ्यांवर चढविला. आमच्या घरात ही क्रिया न्यायाधीशांनी निकालपत्राची घडी उलगडण्यासारखी आहे. पण त्या दिवशी निकाल राखून ठेवण्यात आला.

खूश झाला तो फक्त आमचा पुतण्या. त्याच्या खोलीच्या भिंतीवर देवादिकांच्या जागी धुळीने माखलेल्या स्वारांची चित्रे आहेत. २०१५ साली डकारची शर्यत पुरी करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष, २०२४ साली त्याच शर्यतीत ‘रॅली २’ या वर्गात पहिला आलेला केरळचा हरिथ नोआ, यांची चरित्रे त्याला मुखोद्गत आहेत. “काका, आधी कंपॅरिझन करू या,” तो म्हणाला. वकिलाला ‘तुलना करू’ म्हणणे म्हणजे बदकाला पाण्यात उतरण्याचे आमंत्रण देणे होय.

आमच्या वडिलांना असली तुलना करावी लागली नाही. ते गुरांचे डॉक्टर होते आणि खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडची गावे त्यांच्याकडे होती. त्यांच्याकडे एक येझ्दी होती, म्हैसूरच्या कारखान्यात तयार झालेली. ती घेताना वडिलांनी तिच्या सीटची उंची विचारली नसेल, आणि विचारली असती तर दुकानदाराला ती सांगता आली नसती. त्या गाडीची किक आणि गिअर यांचा दांडा एकच असे. तो आत दाबून वर उचलला की किक, आणि खाली सोडला की गिअर. आम्हांला लहानपणी ती जादू वाटे. मध्यरात्री कोणाची म्हैस अडली की माणूस कंदील घेऊन दारात उभा राही, वडील सदऱ्यावर कोट चढवीत, आणि ती फटफटी पाणंदीच्या काळोखात नाहीशी झाल्यावरही तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राही. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. गाडी त्यापूर्वीच विकली गेली होती. पाणंदी मात्र बऱ्याच ठिकाणी होत्या तशाच आहेत.

आम्ही हिरव्या लेजर कागदाचा एक ताव घेतला. हा कागद कोर्टाच्या कामासाठी असतो आणि त्यावर लिहिलेले आम्हांला आपोआप गंभीर वाटू लागते. त्यावर उभ्या रेघा मारून पुतण्याच्या मदतीने गाड्यांची नावे घातली. हीरोची एक्सपल्स, तीही दोन प्रकारांत : २०२१ साली आलेली २०० सीसीची चार झडपांची, आणि २०२५ साली आलेली २१० सीसीची. रॉयल एनफील्डची २०२३च्या नोव्हेंबरात आलेली ४५२ सीसीची नवी हिमालयन. केटीएमची २०२५च्या एप्रिलात आलेली ३९० एन्ड्युरो आर. आणि २०२४च्या डिसेंबरात भारतात दाखल झालेली कावासाकीची केएलएक्स २३०. मग आडव्या रेघा मारून गुणांची नावे लिहिली, आणि दोन रात्री आम्ही उलटतपासणीत घालवल्या.

पहिल्या रात्री शक्तीचा विचार झाला. हिमालयनची ओढ ४० न्यूटन-मीटर, केटीएमचीही जवळजवळ तेवढीच, आणि अश्वशक्तीत तर केटीएम चाळिशीच्या पुढे, ४६वर. त्यांच्यासमोर चार झडपांची एक्सपल्स म्हणजे एकोणीस अश्वांची गरीब बिचारी टमटम. नवी २१० सीसीची जरा बरी, साडेचोवीस. पुतण्याचा कौल अर्थातच केटीएमला होता. आम्हीही त्या आकड्यांनी भारावून गेलो होतो, हे कबूल करण्यास हरकत नाही. माणूस स्वतः एका अश्वाच्या शक्तीचाही नसला की त्याला दुसऱ्याच्या अश्वांचे फार कौतुक वाटते.

दुसऱ्या रात्री आम्ही चाकांकडे आलो. या साऱ्या गाड्यांचे पुढचे चाक एकवीस इंची असते. ते का, हे पुतण्याला सांगता येईना, आम्हांला आले. बैलगाडीचे चाक उगाच पुरुषभर उंच नसते. लहान चाक दगडाला धडकते, मोठे त्याच्यावर चढते. तसेच स्प्रिंगच्या चालीचे. चाक दगडावर चढताना जितके वर जाऊ शकेल तितके स्वाराचे धड जागच्या जागी राहते, आणि ही चाल हिमालयनला पुढेमागे २०० मिलिमीटर, २१० सीसीच्या एक्सपल्सला त्याहून थोडी अधिक, तर २०० सीसीच्या साध्या एक्सपल्सला पुढे १९० व मागे १७० मिळते. पोटाखालची मोकळी जागा कोणाचीच २२० मिलिमीटरांहून कमी नाही. ज्याने आपल्या पश्चिमेकडच्या वाटेवर जांभ्याच्या चिऱ्यावर मोटारीचे पोट घासल्याचा आवाज ऐकला आहे, त्याला या आकड्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. टाकीच्या रकान्यात मात्र मौज होती. हिमालयनची सतरा लिटरांची, एन्ड्युरो आरची केवळ नऊ. पण आमचे जाणे घरापासून जंगलापर्यंत आणि परत. लडाखला जाण्याचा विचार नाही. तो रकाना आम्ही खोडून टाकला.

एक रकाना मात्र पुतण्याने घातलाच नव्हता, तो आम्ही घातला : सीटची उंची. आमची स्वतःची उंची पाच फूट पाच इंच. भिंतीला टेकून, दोन पायांमध्ये कायद्याचे जाड पुस्तक दाबून धरून मोजले तेव्हा पायाची आतली लांबी ७४० मिलिमीटर भरली. हिमालयनची सीट ८२५, साध्या एक्सपल्सचीही ८२५, २१०ची ८३०. म्हणजे चवडे टेकतील, टाचा नाहीत. केटीएम ८६०, केएलएक्स ८८०, आणि चार झडपांच्या एक्सपल्सचा ‘प्रो’ नावाचा जो अवतार निघाला त्याची ८९१. तेथे आम्ही घोड्यावर बसवलेल्या नवरदेवासारखे दिसलो असतो. बसल्यावर स्प्रिंग थोडी दबते, ही सवलत धरूनही निकाल बदलत नव्हता.

एन्ड्युरो हा शब्द आता जाहिरातींत सैलपणे वापरला जातो. खरी एन्ड्युरो ही शर्यतीची एक जात आहे, आणि तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सहा दिवसांची एक आंतरराष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. १९८१ साली तिच्या नावात एन्ड्युरो हा शब्द आला. ती केवळ वेगाची शर्यत नव्हे. वाटेत ठाणी असतात आणि प्रत्येक ठाण्यावर ठरलेल्या मिनिटाला हजर व्हावे लागते. उशिरा आलात तर दंड, आणि वेळेआधी आलात तरी दंड. मुदतीच्या कायद्यात ज्याची हाडे झिजली त्याला ही कल्पना फार जवळची वाटते. दुसरा नियम त्याहून कडक. वाटेत गाडी बिघडली तर ती स्वाराने स्वतःच, जवळ बाळगलेल्या हत्यारांनी दुरुस्त करायची. बाहेरच्या कोणाचा हात लागता कामा नये.

अशा शर्यतीच्या खऱ्या गाड्या शंभर-एकशे दहा किलोंच्या असतात, सीट साडेनऊशे मिलिमीटरांच्या पुढे, आणि त्यांचे तेल किती किलोमीटरांनी नव्हे तर किती तासांनी बदलायचे याचा हिशेब ठेवावा लागतो. त्यांपैकी काही भारतातही विक्रीला आल्या आहेत, पण बंद मैदानावर चालवण्यासाठी. सार्वजनिक जागी त्या नेणे म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या ३९व्या कलमाशी गाठ. नोंदणी नाही, तर रस्ता नाही. वकिलाने ते कलम मोडून पकडले जावे हा बातमीदारांना मिळणारा एक निर्भेळ आनंद असतो. तो आम्ही कोणाला देऊ इच्छित नाही. तेव्हा आमची निवड त्या जातीच्या गृहस्थाश्रमी नातलगांतूनच व्हायची होती.

इतका अभ्यास झाल्यावर तो हिरवा ताव घेऊन आम्ही चोर्ला घाट उतरून सत्तरीतल्या आमच्या एका स्नेह्यांकडे गेलो. हे गृहस्थ बागायतदार. कुळागरातल्या वाटांवर पोफळीची शिंपुटे आणि नारळाची पोती वाहून नेण्यात त्यांच्या तीन मोटारसायकली आजवर खर्ची पडल्या आहेत. त्यांनी ताव डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत वाचला, परत दिला, आणि म्हणाले, “सगळें बरें बरयलां रे. पूण गाडी पडटली, तूंय पडटलो. उखलतलो कोण?”

गाडी पडणार, तूही पडणार, उचलणार कोण? आमच्या तावावर वजनाचा रकाना होता, नव्हता असे नाही. पण तो अगदी तळाशी, टाकीच्या खाली होता. आम्ही तिथेच त्यांच्या पडवीत बसून तो वर घेतला. हिमालयन १९६ किलो. केटीएम पावणेदोनशेच्या आसपास. २१०ची एक्सपल्स १६८. चार झडपांची २०० सीसी १५८. केएलएक्स १३९; पण तिच्यावर आमचे पाय तरंगणार. वजनाच्या क्रमाने नावे लिहिली आणि दोन रात्रींचे आमचे सारे निष्कर्ष खालचे वर झाले.

स्नेह्यांनी मग प्रात्यक्षिक दाखवले. स्वतःची जुनी मोटारसायकल अंगणात आडवी केली, गाडीकडे पाठ करून उकिडवे बसले, एका हाताने वळवलेल्या हँडलाची मूठ आणि दुसऱ्याने मागचा दांडा धरला, आणि कमरेत न वाकता मांड्यांच्या जोरावर, मागे मागे पावले टाकीत उभे राहिले. गाडीही त्यांच्या पाठीला लागून उभी राहिली. सगळे वजन उचलावे लागत नाही. टायरांच्या कडेवर गाडी फिरते, आपण फक्त तिला वळवायचे असते. ते साठीचे आहेत. मग आम्ही तोच प्रयोग केला. तिसऱ्या खेपेस जमले. नंतर आठ दिवस न्यायालयात उठून उभे राहताना आम्ही बाकाचा आधार घेत होतो, आणि त्याला विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी आमच्या बाजूचा दुबळेपणा समजून घेतला.

यानंतर आम्ही दुकानांत जाऊन एकच मागणी करू लागलो : ही गाडी आडवी पाडून दाखवाल काय? विक्रीला उभे असलेले तरुण फार सभ्य असतात. एकाने पाणी आणून दिले. दुसऱ्याने साहेबांना बोलावतो असे सांगितले आणि तो परत आला नाही.

पण सौभाग्यवतींनी राखून ठेवलेला निकाल अजून बाकी होता. एका रात्री त्यांनी विचारले, “अहो, ही गाडी नक्की कशाला हवी आहे?” आम्ही म्हणालो, पश्चिमेकडच्या गावांत पक्षकार आहेत, पावसाळ्यात तिकडे मोटार जात नाही. त्या म्हणाल्या, “मला माहीत आहे कोणत्या गावात.”

ते गाव कोणते, हे येथे सांगता येणार नाही. जांबोटीच्या पुढे, भीमगड अभयारण्याच्या कडेला, इतके सांगणे पुरे. तेथील एका वृद्धाचे काम आमच्याकडे होते. त्यांनी आपल्या कमाईने घेतलेली वीस गुंठे जमीन आणि तीन खणांचे घर होते. बायको वारली होती. दोन मुलगे गोव्यात कामाला. सांभाळ करीत होती ती बहिणीची मुलगी, त्यांनीच लहानाची मोठी केलेली. कायद्याने पाहिले तर मुलगे हे पहिल्या वर्गाचे वारस. ते असताना भाचीला काही मिळत नाही. म्हणून म्हाताऱ्यांना मृत्युपत्र करायचे होते. २०२४च्या आषाढात, पाऊस कोसळत असताना, बसच्या कंडक्टरबरोबर त्यांचा निरोप आला : तब्येत बरी नाही, कागद करून घ्या. आम्ही त्याच कंडक्टरबरोबर उलट निरोप धाडला : घाई करू नका, दोन दिवसांत आम्ही स्वतः येऊन नीट लिहून घेतो.

दोन दिवसांनी आम्ही मोटारीने निघालो. ओढ्यावरचा साकव वाहून गेला होता, आणि ओढ्यापर्यंतच्या पाणंदीत मोटारीची चाके निम्मी रुतली. परतलो. पुन्हा चौथ्या दिवशी गेलो, पुन्हा परतलो. आठव्या दिवशी पाणी ओसरल्यावर चालत पोहोचलो, तेव्हा घरापुढे दहा-बारा माणसे बसली होती. आदल्या पहाटे ते गेले होते.

मृत्युपत्राला वकील लागत नाही. नोंदणीही सक्तीची नाही. मोहोरबंद कागद नको, टंकलेखन नको. वहीच्या पानावर लिहून त्याखाली माणसाने सही वा अंगठा करावा, आणि ते पाहिलेल्या दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर आपल्या सह्या कराव्यात, एवढेच भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५च्या ६३व्या कलमाला हवे असते. त्या गावात लिहिता येणारी माणसे होती. साक्षीदार तर घरासमोरच बसले होते. आम्ही निरोपात दोन ओळी जास्त धाडल्या असत्या तर काम त्याच संध्याकाळी झाले असते. पण आम्हांला ते नीट करायचे होते. ‘परंतु’ आणि ‘तथापि’ यांसह.

सौभाग्यवतींना हे सारे माहीत होते. त्या म्हणाल्या, “गाडी असती तर तुम्ही ओढ्यापर्यंत पोहोचला असता. मान्य. पण उशीर काही गाडीमुळे झाला नव्हता.” आमच्यापाशी उत्तर नव्हते. असते तरी ते अपिलात टिकले नसते.

तरीही मृग निघण्याच्या सुमारास, २०२५ साली, एका मित्राची मोटारसायकल मागून घेऊन आम्ही त्या गावाकडे निघालोच. गाडीचे नाव सांगत नाही, कारण जे घडले त्यात दोष गाडीचा नव्हता. ती दोनशे किलोंच्या घरातली होती, एवढेच प्रकरणाशी संबंधित आहे. डांबरी रस्ता संपेपर्यंत आमच्यासारखा स्वार त्रिभुवनात नव्हता. पाणंदीत शिरल्यावर पहिल्या पावसाने तांबड्या मातीला लोणी लावल्यासारखे झाले होते. पुतण्याने शिकवल्याप्रमाणे आम्ही पायांवर उभे राहिलो, गुडघे टाकीला आवळले, नजर दूर ठेवली. ओढ्यात घोट्याइतके पाणी होते. मध्यावर येईपर्यंत सारे ठीक चालले होते. मग नजर दूर न राहता अगदी जवळच्या एका गुळगुळीत दगडावर गेली, आणि जेथे नजर तेथे चाक हा नियम किती खरा आहे ते कळले. गाडी डावीकडे कलली. पाय टेकायला गेलो तर खाली खळगा होता. ८२५ मिलिमीटर ही उंची दुकानाच्या फरशीवरून मोजलेली असते, ओढ्याच्या तळावरून नव्हे.

पाय अडकला नाही, हे दैव. आम्ही पाण्यातून उठलो, इंजिन बंद केले, गाडीकडे पाठ केली, उकिडवे बसलो, मांड्यांवर जोर घातला. गाडी वीतभर उठली आणि पुन्हा बसली. पायांखाली शेवाळ. दुसऱ्यांदा तेवढीही उठली नाही. तिसऱ्यांदा आम्हीच बसलो. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होते आणि पाण्यावर त्याचे रंगीत तवंग पसरत होते. अभयारण्याच्या कडेच्या ओढ्यात आपण पेट्रोल सांडतो आहोत ही जाणीव पडण्याहून अधिक बोचली. रानात जाण्याचा हक्क कोणाला आणि कोणाला नाही यावर आम्ही पूर्वी न्यायालयात चांगले अर्धा तास बोललो होतो.

अर्ध्या तासाने पलीकडच्या वाटेने एक बाई आणि गुरांमागे निघालेला एक मुलगा आला. ती म्हाताऱ्यांची भाची होती. तिने डोक्यावरचा भारा काठावर ठेवला, पदर खोचला आणि काही न विचारता मागचा दांडा धरला. तिघांनी मिळून गाडी उभी केली. मग हात धुताना ती म्हणाली, “ह्या टायमाला पावसाच्या आधी आलात वकीलसाहेब, बरं केलंत.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हे आम्ही पुन्हा पुन्हा तपासून पाहिले आहे.

घर अजून तिच्याच वहिवाटीत होते. मुलांनी बाहेर काढले नव्हते, पण एका मुलाच्या लग्नाचे चालले होते आणि पुढच्या उन्हाळ्यात तो येऊन राहणार अशी बोलवा होती. मुलांना बोलावून, समजावून, तिच्या नावे निदान एक खण आणि राहण्याचा हक्क लिहून घेता येतो का, हे पाहायला आम्ही गेलो होतो. ती बोलणी अजून चालू आहेत, म्हणून त्यांविषयी अधिक लिहीत नाही. त्या दिवशी तिने चहा दिला, आणि आम्ही ओल्या पाटलोणीने चुलीपुढे बसून राहिलो. निघताना तिने त्या मुलाला ओढा पार होईपर्यंत सोबत धाडले.

त्यानंतर वजनाचा रकाना कायमचा पहिला झाला. २०२५च्या २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराने स्वतःची एक रेघ ओढली. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींना अठरा टक्के, त्यापुढच्यांना चाळीस. पुतण्याच्या दोन्ही लाडक्या गाड्या त्या रेघेच्या पलीकडे पडल्या आणि त्याने तो सरकारचा आपल्यावरचा वैयक्तिक राग समजला. आमचा निर्णय त्याआधीच झाला होता. उरल्या दोन एक्सपल्स. २१०ची इंजिने पाण्याने थंड होतात, शक्ती अधिक, स्प्रिंगची चाल अधिक. आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस विचारील तर आम्ही डोळे मिटून तीच घे म्हणू. २००ची त्यापुढे साधी. वारा आणि तेल यांवर थंड होणारे इंजिन, पडल्यावर दगडावर आपटायला पुढे मोठा रेडिएटर नाही, तारेच्या चाकात ट्यूब, म्हणजे काटा रुतला तर सायकलवालाही पंक्चर काढील. आणि दहा किलो कमी. दहा किलो म्हणजे किती, हे आम्ही ओढ्यात बसून शिकलो होतो.

शेवटी चार झडपांची २०० सीसीची, वापरलेली, शहरातल्याच एका तरुण अभियंत्याकडून घेण्याचे ठरले. तिच्या अंगावर बर्फाच्छादित शिखरांची आणि ‘हरवल्याशिवाय सापडत नाही’ अशा अर्थाची चित्रे चिकटवलेली होती. डांबर सोडून ती कधी खाली उतरली नव्हती. पोटाखालच्या पत्र्यावर एकही ओरखडा नव्हता. आम्ही तिला अंगणात जुन्या गादीवर आडवी पाडली आणि उभी केली. दोनदा. मालक काळजीने आणि सौभाग्यवती खिडकीतून पाहत होत्या. तिसऱ्यांदा त्या बाहेर आल्या व म्हणाल्या, “थांबा, मी उचलून पाहते.” त्यांनी उचलली, जरा वाकडी, पण उचलली. निकाल जाहीर झाला असे आम्ही समजलो.

मालकाने ती थोडी खाली करून देण्याची तयारी दाखवली. तसे करणारे कारागीर आहेत म्हणे. सायलेन्सर बदलून देण्याचीही तयारी होती, म्हणजे आवाज घुमतो. दोन्ही आम्ही नाकारले. अधिनियमाचे ५२वे कलम नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांना मनाई करते, असे आम्ही त्याला ऐकवले. खरे कारण असे की गवे आणि गवळ्यांच्या म्हशी यांना आमच्या आगमनाची वार्ता इतकी दुरून द्यायची आम्हांला इच्छा नव्हती. चित्रे मात्र केरोसिन लावून काढून टाकली. एक शिखर निघाले नाही, ते आहे.

नमुना २९ आणि नमुना ३० यांवर उभयतांच्या सह्या झाल्या. विम्याचे नाव बदलले. पुतण्याने मागे एक पाणी न शिरणारी पिशवी बांधून दिली. तिच्यात पंक्चरचे सामान, चेनचे तेल, आणि एक पाकीट असते. पाकिटात आम्ही छापून घेतलेल्या एका पानाच्या प्रती आहेत. ठळक, सोप्या मराठीत : मृत्युपत्र घरी कसे लिहावे, सही वा अंगठा कोठे करावा, दोन साक्षीदार कोण असावेत व कोण नसावेत. खाली लिहिले आहे, वकिलाची वाट पाहू नये. व्यवसायातल्या एका स्नेह्यांनी हे पान पाहून, तुम्ही आपल्याच पोटावर पाय देता आहात, असे म्हटले. असेलही.

दर वर्षी मृगाच्या आधी त्या गावची माणसे ओढ्यावर नवा साकव बांधतात. दोन आडवी लाकडे, त्यावर बांबू, आणि धरायला एक वेल किंवा दोर. तो माणसाचे वजन पेलतो, १५८ किलोंचे नाही. पावसाळ्यात गाडी अलीकडे फणसाखाली उभी करून पाकीट खिशात घालायचे, बूट हातात घ्यायचे. पलीकडचा दीड किलोमीटर पायीच जावे लागते.